‘महासाथीत नोकरी सोडली, आता परत कोण घेईल?’

“मॅडम, डॉक्टर बोलावत होते. मीच गेले नाही. पळपुटी निघाले ना मी?”

समोर बसलेली डेंटल हायजिनिस्ट बारा वर्षं लोकांच्या दात-हिरड्यांची सफाई करत होती. मार्च २०२०मध्ये क्लिनिक बंद झालं, दोनेक महिन्यांनी उघडलं. घरी दम्याची आई, म्हणून हिने राजीनामा दिला. वर्षभराने माझ्याकडे समुपदेशनासाठी आली ती झोप उडालेल्या अवस्थेत.

मी तिला आधी कामाचं वर्णन करायला सांगितलं. रुग्णाचा चेहरा वीतभर अंतरावर, त्याला मास्क लावता येत नाही, दातांवरचा थर काढणाऱ्या अल्ट्रासोनिक स्केलरचे तुषार उडत राहतात, तोंडातलं पाणी-लाळ ओढून घेणारी सक्शनची नळी धरायला मदतनीस नाही. सांगता सांगता तीच थांबली. “म्हणजे मी उगाच घाबरले नव्हते.” नव्हतीच. अमेरिकेत २०२०मध्ये झालेल्या पाहणीत सुमारे ८ टक्के हायजिनिस्ट कामाबाहेर पडल्याचं दिसलं, त्यांतल्या निम्म्याहून अधिक स्वतःहून. हे मी तिला मुद्दाम सांगितलं. स्वतःला भित्रं ठरवून बसलेल्या माणसाला आपण एकटे नाही हे कळायलाच हवं.

खरी जखम तिसऱ्या भेटीत निघाली. जिथे साथ पसरली आहे तिथे तातडीची नसलेली दंतसेवा पुढे ढकला, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने ऑगस्ट २०२०मध्ये दिला होता. दातांची नेहमीची सफाई त्यातच आली. “बारा वर्षं केलं ते कुणाच्या गरजेचंच नव्हतं,” असं हिने मनाशी धरलेलं. मी विचारलं, सफाई दोन-तीन वर्षं झालीच नाही तर? मग ती बोलतच सुटली: हिरड्यांचा आजार बऱ्याचदा दुखत नाही, आतल्या आत हाड झिजवत नेतो, दात हलायला लागल्यावर माणूस धावतो. तिचा आवाज मी पहिल्यांदाच इतका खणखणीत ऐकला.

“जा बिनधास्त” असं मी म्हटलं नाही. अशा वेळी तसं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्याऐवजी मुलाखतीत काय विचारायचं ते तिने लिहून काढलं: सक्शनला माणूस असेल का, नीट बसणारा एन-९५ मास्क कोण देणार, दोन रुग्णांमध्ये किती वेळ सोडता. खंड का पडला, याचं उत्तर सरळ ठेवलं: आई आजारी होती.

एका क्लिनिकमध्ये प्रश्न ऐकूनच कपाळाला आठ्या पडल्या. दुसऱ्या ठिकाणी डॉक्टर तिला सक्शन दाखवायला आत घेऊन गेले. तिथे ती आठवड्यातून दोन दिवस जाते. आदल्या रात्री झोप अजून तुटते; आमच्या भेटी चालू आहेत.