पुण्याहून एकट्याने केरळ फिरताना तिरुवनंतपुरमला किती दिवस द्यावेत?

तुमचा प्रश्न असा: डिसेंबरात दहा दिवसांची सुट्टी आहे, पाठीवर सॅक टाकून एकट्यानेच केरळ फिरायचंय, आणि ओळखीचे सगळे म्हणतात की तिरुवनंतपुरम म्हणजे फक्त परतीची गाडी पकडायचं स्टेशन. माझं उत्तर: पूर्ण तीन दिवस द्या. त्यासाठी मुन्नार गाळावं लागलं तर गाळा.

हे इतक्या ठामपणे सांगतोय कारण पहिल्या वेळी मीही तुमच्या ओळखीच्यांसारखंच केलं. सकाळी उतरलो, दुपारची गाडी होती. सॅकसकट पद्मनाभस्वामी मंदिराशी पोचेपर्यंत दुपारचे दरवाजे बंद झाले होते, ते संध्याकाळीच उघडणार होते. दर्शन न घेताच पुण्याला परतलो. ती रुखरुख दोन वर्षं राहिली, मग फक्त या शहरासाठी पुन्हा गेलो.

आधी प्रवासाचं. पुण्याहून थेट कन्याकुमारीला जाणारी गाडी तिरुवनंतपुरमला थांबते, पण ती सोलापूर, गुंतकल अशा कोरड्या बाजूने जाते. येताना ती घ्या. जाताना मात्र पनवेल गाठून नेत्रावती एक्सप्रेसने कोकण रेल्वेवरून जा. लाल माती, माड, कौलारू घरं हे सगळं चिपळूण-रत्नागिरीपासून सोबत येतं, भाषा तेवढ्या बदलत जातात. एर्नाकुळमला उतरताना आपण फार लांब आलोय असं वाटतच नाही. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी करा. डिसेंबरात नाताळची गर्दी असते आणि शबरीमलाचे यात्रेकरूही त्याच गाड्यांमध्ये असतात.

सॅक लहान घ्या. राजगड-तोरणा करताना लागणारे जाड बूट तिथे नुसतं ओझं होतात. डिसेंबरातही हवा दमट असते, जीन्स रात्रभर वाळत घातली तरी सकाळी ओलीच. सुती कपडे, चांगल्या चपला, एक पंचा आणि एक पांढरं धोतर, बस. धोतराचं कारण पुढे येतंय.

फोर्ट कोचीला दोन दिवस पुरतात. एर्नाकुळमहून तिकडे सरकारी बोटीने जा. मट्टनचेरीचं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) 1568 सालचं आहे, ते शुक्रवारी आणि शनिवारी बंद असतं एवढं लक्षात ठेवा. मग आलप्पुळा. हाउसबोटीचा आग्रह सगळेच करतात, पण एकट्या माणसाने तिच्यावर पैसे घालवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. बसस्टँडजवळच्या जेट्टीवरून राज्य जलवाहतूक खात्याच्या साध्या बोटी सुटतात, कोट्टयमच्या बाजूला जाणारी एखादी पकडा. भाडं बसच्या तिकिटासारखं. दप्तरं घेतलेली मुलं, बाजार करून निघालेल्या बायका काठावरच्या छोट्या धक्क्यांवर चढतात-उतरतात. हा कुट्टनाडचा भाग. इथली कित्येक भातशेतं समुद्रसपाटीच्याही खाली आहेत. बोट ज्या पाण्यावरून चाललेली असते ते पाणी वर आणि बांधापलीकडचं हिरवं शेत खाली. शेतातलं पाणी पंपाने उपसून बाहेर काढावं लागतं, तेव्हा कुठे भात होतो. आपल्याकडे पाणी वर चढवायला पंप लागतो, इथे शेत कोरडं करायला! मी जाताना एका बाजूला बसलो, येताना दुसऱ्या.

पुढे वर्कला. जांभ्याचा उंच कडा आणि खाली समुद्र, एक रात्र राहा. लाल बावटा दिसला तर पाण्यात उतरू नका, ओढ फार असते.

आणि मग तिरुवनंतपुरम. शहरातल्या तंपानूर भागात रेल्वे स्टेशन आणि बसस्टँड समोरासमोर आहेत, लॉज तिथेच बघा. शेजारीच वास्तुकार लॉरी बेकर यांनी बांधलेलं इंडियन कॉफी हाउस आहे. विटांचा गोल मनोरा, आत उताराची वाट गोल फिरत वर जाते आणि भिंतीला लागून टेबलं. मसाला डोशाची भाजी बिटामुळे लाल दिसते, चव छान असते.

मंदिरात पहाटे जा. पुरुषांनी धोतर नेसून, अंगात काही न घालता. बायकांनी साडी, किंवा कपड्यांवरून मुंडू, म्हणजे केरळी धोतर, गुंडाळून. मोबाइल बाहेरच ठेवायचा. प्रवेश फक्त हिंदूंना आहे. शेषशायी विष्णूची मूर्ती इतकी मोठी आहे की एका दारातून पूर्ण दिसतच नाही. पहिल्या दारातून मुख, मधल्यातून नाभिकमळ, तिसऱ्यातून पाय. 1750 मध्ये मार्तंड वर्मा राजाने सगळं त्रावणकोर राज्य या देवाला अर्पण केलं आणि पुढचे राजे पद्मनाभाचे दास म्हणून राज्य करू लागले. वर्षातून दोनदा देवाची आराट्टूची, म्हणजे स्नानाची, मिरवणूक शंखुमुखमच्या समुद्राकडे निघते. तिची जुनी वाट आज विमानतळाच्या धावपट्टीवरून जाते, म्हणून त्या वेळी काही तास विमानं थांबवतात. पालखीसाठी पुण्यातले रस्ते बंद होतात ते आपण पाहिलंय, त्यामुळे मला हे ऐकून फार आपलंसं वाटलं.

शेजारी कुतिरमालिका राजवाडा आहे. तो बांधणारे स्वाती तिरुनाल स्वतः मोठे संगीतरचनाकार होते आणि त्यांच्या दरबारात तंजावरचे मराठी कीर्तनकार मेरुस्वामी होते. तिथून महात्मा गांधी रस्त्याने उत्तरेला चालत सुटा, म्युझियमपर्यंत साधारण चार किलोमीटर. वाटेत सचिवालयासमोर एक पुतळा लागतो. बसचे कंडक्टर त्या थांब्याला नुसतं ‘स्टॅच्यू’ म्हणतात. तो पुतळा सर टी. माधवराव यांचा, तंजावरच्या मराठी घराण्यातले, 1857 ते 1872 त्रावणकोरचे दिवाण. सयाजीराव लहान असताना बडोद्याचा कारभार ज्यांनी पाहिला तेच हे. मी तिथे बराच वेळ उभा होतो. पुढे पाळयमला मशीद, चर्च आणि गणपतीचं देऊळ अगदी जवळजवळ आहेत.

म्युझियमच्या आवारात राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत. तो इथून जवळच्या किळिमानूरचा. आपल्या आजी-आजोबांच्या देवघरात ज्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी होत्या, त्या छापणारा त्याचा छापखाना पुढे मळवलीला आला होता. लोहगडला जाताना आपण उतरतो तेच मळवली. छापील चित्रं बघत वाढलेल्या माणसाने मूळ रंग एकदा तरी बघावेत.

तिसरा दिवस पद्मनाभपुरमसाठी ठेवा. नागरकोइलकडे जाणारी बस घ्या आणि तक्कलैला उतरा. त्रावणकोरची ही जुनी राजधानी आज तमिळनाडूत आहे, पण लाकडी राजवाडा केरळ सरकार सांभाळतं. काळी फरशी आरशासारखी चकाकते, अनवाणी चालताना गार लागते.

म्युझियम, कुतिरमालिका आणि पद्मनाभपुरम, तिन्ही सोमवारी बंद असतात. तेव्हा तारखा अशा बसवा की सोमवार वर्कल्याला जाईल. तेही जमत नसेल तर त्या दिवशी मंदिराजवळच्या ईस्ट फोर्टहून सिटी बसने कोवळमला जा, साधारण 15 किलोमीटर आहे.