पहिला चाकू घेताय? खंजीर राहू दे
अरे, तो सात इंची खंजीर आधी बाजूला ठेव. फौजेत दिवसभर कापणार काय, तर दोरी, टेप, रेशनची पाकिटं, त्याला तीन इंचाचं पातं भरपूर झालं. स्विस सैन्याने 1891 मध्ये शिपायांना जो चाकू दिला तोही डबे उघडायला आणि रायफल खोलायलाच. दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश कमांडोंचा फेअरबेर्न-साइक्स खंजीर दिसायला भारीच, पण उचकटायला घेतला की टोक गेलं.

सुरुवातीला एवढंच बघ:
- घडीचा चाकू असेल तर लॉक (उघडं पातं जागेवर धरणारा खटका) पक्कं हवं, मिटताना बोट पात्याच्या वाटेत नको
- पात्याने उचकटू नकोस (मी मोडून बसलोय)
- धार लावायला शीक, बोथट चाकूला जोर लावावा लागतो आणि मग तो सटकून हातावरच येतो

स्टीलचे प्रकार वगैरे नंतर बघू. आणि युनिटमध्ये काय चालतं ते घ्यायच्या आधी विचारून घे.