मुलांना घेऊन एलिफंटाला लाँचने जावं का?

तुम्ही विचारलंय की, मुलं सहा आणि नऊ वर्षांची आहेत आणि डिसेंबर २०२४च्या अपघातापासून घरचे लाँचला नको म्हणतात, तर पुण्याहून एलिफंटाला जायचा बेत रद्द करावा का. करू नका. माझं आजोळ रेवसकडचं. आता राहतो सिंहगड रोडला, पण मुलांना घेऊन अजूनही लाँचने जातो.

त्या १८ डिसेंबरला चाचणी चालू असलेली नौदलाची स्पीडबोट एलिफंटाला निघालेल्या 'नीलकमल' लाँचवर आदळली. १५ जण गेले. लाँचला परवानगी ८४ प्रवाशांची आणि आत शंभराहून जास्त माणसं, त्यातल्या बहुतेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नाही. धडक तुमच्या-माझ्या हातात नसते. जॅकेट असतं, आणि ते लाँच धक्क्यावरून सुटायच्या आधीच घालायचं. नंतर वेळ मिळत नाही.

गेल्या वर्षी आम्ही बसलो त्या लाँचमध्ये जॅकेटं वरच्या फळीवर सुतळीने करकचून बांधलेली होती. खलाशाला सांगून सोडवली. मुलीला घातलं, बकल लावलं, हात वर करायला सांगून खांद्याशी धरून ओढलं तर जॅकेट थेट कानांपर्यंत आलं. पाण्यात ती खालून निसटलीच असती. त्यानंतर दोन्ही मुलांची त्यांच्या वजनाप्रमाणे जॅकेटं विकत घेतली. तुम्हीही घ्या, आणि हा हात वर करायचा प्रयोग घरीच करून बघा.

आमची आजी 'रामदास'चं नाव निघालं की हातातलं काम थांबवायची. १७ जुलै १९४७, गटारी अमावस्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट वाटेत उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं बुडाली. लाट आत आली तसे लोक घाबरून एका बाजूला सरकले, असं तेव्हापासून सांगतात. म्हणून सीगलना कुरकुरे टाकायला अख्खी लाँच एका कडेला जमते, तेव्हा माझा जीव वर-खाली होतो. मुलांना जागेवरच बसवा.

बसायचं ते उघड्यावर, बाहेर पडायच्या वाटेजवळ. खालच्या बंद भागात पाणी शिरलं तर अंगातलं जॅकेटच तुम्हाला छताला चिकटवून ठेवतं, खाली बुडी मारून दारातून निघता येत नाही. २०१४ मध्ये दक्षिण कोरियाची 'सेवॉल' ही प्रवासी बोट कलली तेव्हा जागेवरच थांबायची सूचना देत राहिले. ३०४ जण गेले, त्यात बहुतेक एका सहलीला निघालेली शाळेची मुलं. मी त्यांचा विचार केल्याशिवाय मुलांना बोटीत बसवत नाही. बोट कलायला लागली तर कुणाच्या सूचनेची वाट न बघता मुलांचा हात धरून वर या.

आपण पुणेकर बागमांडला-वेसवीच्या फेरीबोटीत गाडी चढवतो आणि एसी लावून आतच बसतो, तेही सोडा. हँडब्रेक ओढायचा आणि सगळ्यांनी खाली उतरायचं.

धक्क्यावर लाँच खच्चून भरलेली दिसली तर चढू नका, पुढची येते. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर मोबाइलमध्ये टाकून ठेवा. आणि लेणी सोमवारी बंद असतात, तेवढं बघून तारीख ठरवा.