साहेबाचे शब्द माझ्या तोंडून निघाले

पत्र: ताई, मी जळगाव एमआयडीसीत पाइपच्या कंपनीत क्वालिटीला आहे, साडेचार वर्षं झाली. दीड वर्षापूर्वी नवीन मॅनेजर आले. रिजेक्शन दाखवलं की रात्री व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळ्यांसमोर काढतात, "डोकं घरी ठेवून येता का" हे रोजचंच. मी अमळनेरकडची, बोलताना मधेच अहिराणी येते तर त्याची नक्कल करतात. आमच्या नऊ जणांतले पाच सोडून गेले. रविवारी संध्याकाळ झाली की छातीत धडधडायला लागतं. परवा हेल्पर पोराने लेबल चुकीचं लावलं आणि मी त्याला तेच बोलले, डोकं घरी ठेवून येतो का. तो काहीच बोलला नाही. फ्लॅटचा हप्ता आहे म्हणून नोकरी सोडता येत नाही. काय करू?

पोरी, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या लेबलच्या ओळीवर येऊन थांबले. बाकी सगळं साहेबाबद्दल आहे, तेवढी एकच ओळ तुझ्याबद्दल आहे, आणि मला वाटतं त्या ओळीसाठीच तू लिहायला बसलीस.

आधी माझं सांगते. धुळ्याला एका पतसंस्थेत मी कॅशला होते, खूप वर्षं झाली त्याला. संध्याकाळी टॅली लागली नाही की आमचे साहेब काउंटरपाशी यायचे आणि गिऱ्हाईक उभं असताना नाव घेऊन विचारायचे, "आज किती खाल्ले?" एकदा मला ३४० रुपये कमी आले. मी गपचूप पर्समधून काढून घातले आणि त्या आठवड्यात घरी भाजीच आणली नाही, नुसती दाळ-भाकरी. पुढच्या महिन्यात परत कमी, परत घातले. मग एक दिवस डबा खाताना शेजारच्या टेबलावरची बाई हळूच म्हणाली की ती माझ्या जागेवर बसायची तेव्हा ती पण घालायची, आणि तिच्याआधी जो होता तो पण. निघालं काय, तर रोजची बचत गोळा करणाऱ्या एका पिग्मी एजंटची स्लिप महिनाअखेरीस दोनदा पोस्ट होत होती. एवढीशी गोष्ट, पण सापडायला दीड वर्ष गेलं, कारण "पैसे कमी आलेत" एवढं म्हणायची कोणाची छातीच होत नव्हती.

तुमच्याकडे पण हेच चाललंय ना? पाइपची जाडी मायक्रोमीटरवर कमी भरली आणि पोरानं ती रजिस्टरला लिहिली की रात्री त्याचं नाव ग्रुपवर. मग पुढच्या वेळी तो काय करतो, पाइप जरा फिरवतो, जिथं माप बरोबर भरेल तिथं लावतो आणि तोच आकडा लिहितो. रजिस्टर एकदम स्वच्छ, वरचे खूश, आणि तो पाइप रावेरकडे कोणाच्या तरी केळीच्या बागेत ऐन मे महिन्यात पंप चालू केला की फुटणार. साहेब ओरडतो त्यानं तुमचं मन तर दुखतंच, पण कंपनीचं खरं नुकसान इथं होतं, लोक खरं सांगायचं बंद करतात तिथं. अमेरिकेत एमी एडमंडसन म्हणून बाई आहेत, त्यांनी १९९० च्या दशकात दवाखान्यांतल्या नर्सच्या टीम तपासल्या, तर जिथं टीम चांगली तिथं चुका जास्त नोंदलेल्या निघाल्या. आधी त्यांनाही कळेना हे कसं, मग लक्षात आलं की चांगल्या टीममध्ये लोक चूक झाली तर बिनधास्त सांगतात, बाकी ठिकाणी लपवतात. तुमचं ते स्वच्छ रजिस्टर डोळ्यांसमोर आलं आणि मला त्याच नर्सेस आठवल्या.

त्या साहेबाला पण वरून कोणीतरी झापत असेल. मशीन छान चालवतो म्हणून माणसाला मॅनेजर करून टाकतात आणि माणसं कशी सांभाळायची हे कोणी शिकवत नाही, हे मी खूप ठिकाणी बघितलंय. पण म्हणून त्यानं तुझ्या भाषेची नक्कल करायची हे मला कुठल्याच कारणानं मान्य नाही. ती भाषा तुझ्या आईची आहे. तू बोलत राहा.

आता धडधडीचं. हे मनाचे खेळ म्हणून सोडून देऊ नको. लंडनच्या सरकारी नोकरांवर १९८५ पासून मोठा अभ्यास चाललाय, त्यात दिसलं की ज्यांच्या हातात स्वतःच्या कामाचं काहीच नसतं त्यांच्यात हृदयाचे आजार जास्त. घाबरवत नाहीये, डॉक्टरांना दाखव एवढंच म्हणतेय, बीपी बघून घे, ईसीजी काढून घे. आणि रात्री फारच कालवाकालव झाली तर १४४१६ ला फोन लाव, सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात.

नोकरी उद्याच्या उद्या सोडू नको, पण इथंच निवृत्त व्हायचंय असंही धरून बसू नको. तू पर्मनंट आहेस असं धरून सांगते, नोकरी सोडताना कंपनी एकरकमी देते त्या ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात, तुझी साडेचार झालीत. बेसिक समजा १८ हजार असेल तर महिना २६ दिवसांचा धरून दर वर्षाला १५ दिवसांचा पगार, या हिशोबाने पाच वर्षांचे जवळजवळ ५२ हजार होतात, म्हणजे हप्त्याला तेवढाच आधार. जमलं तर तेवढे महिने काढ, आणि या महिन्यांत बायोडेटा पाठवायला सुरुवात कर, तुमच्या लाइनच्या कंपन्या जळगावात कमी नाहीत, आणि ते पाच जण कुठे गेले ते विचार, त्यातला एखादा तरी तुझं नाव पुढे टाकेल. तब्येत साथ देत नसेल तर मात्र ५२ हजाराकडे बघू नको, निघ.

तोवर एक वही कर. कोणत्या तारखेला, कोणासमोर, नेमकं काय बोलले, तेच शब्द लिही आणि ग्रुपवरच्या मेसेजचे स्क्रीनशॉट घरच्या मेलवर टाक. वरच्या साहेबांकडे किंवा एचआरला जायचं तर एकटी जाऊ नको, उरलेल्या तिघांना घेऊन जा, आणि "आम्हाला वाईट वाटतं" यापासून सुरुवात नको करू. दीड वर्षात पाच ट्रेन केलेली माणसं गेली, नवीन माणूस तयार व्हायला किती महिने लागतात, पार्टीकडून माल परत किती आला, हे आकडे आधी ठेव, नक्कल आणि शिव्या नंतर. मालकाला दोन्ही कळायला पाहिजे पण आकड्याला तो लगेच कान देईल. आणि जेवताना, सुट्टीला ग्रुप म्यूट. मागच्या हिवाळ्यात आमच्या शेतात भरीत पार्टी होती, भाची फोनवर साहेबाचं ऐकत विहिरीपाशी पाऊण तास उभी, इकडे काड्यांवर वांगी भाजली, बडगीत ठेचून झाली, पंगत उठली तरी ती तिथंच. काम होतं सोमवारी सकाळी करायचं. तिचा तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

आता त्या पोराचं. तू साहेबासारखी झालीस असं मी म्हणणार नाही, झाली असतीस तर तुला झोप लागली असती. पण तो पोरगा आता पुढचं चुकलेलं लेबल तुला दाखवणार नाही, कोणाला दिसायच्या आत फाडून टाकेल, जसे मी ३४० रुपये घातले तसं. म्हणून उद्या शिफ्ट सुरू व्हायच्या आधी त्याच्याकडे जा. केबिनमध्ये बोलवू नको, बोलली होतीस सगळ्यांसमोर तर तिथंच, त्याच मशीनपाशी, बाकीचे ऐकत असताना सांग की परवा मी बोलले ते चुकलं माझं. मग ते लेबल त्याच्यासोबत बघ, नेमकं कुठे गल्लत होते ते त्यालाच विचार. काय माहीत, दोन साइजची लेबलं एकाच रंगाची असतील.

मला परत लिही, तो काय म्हणाला ते.

— तुझी ताई