२०० मिमीवर झूम करूनही जवळचं फुलपाखरू लहान का येतं?

तुमचा प्रश्न असा आहे: निकॉनची ७०-२०० एफ/२.८ व्हीआर २ लेन्स पूर्ण २०० वर ठेवून दीडेक मीटरवरून फुलपाखरू टिपलं, तर ते कॅननच्या ७०-२०० पेक्षा लहान का दिसतं, आणि लेन्समध्ये दोष आहे का?

दोष नाही. हे फोकस ब्रीदिंग आहे, म्हणजे फोकस जवळ-लांब केला की चौकटीत मावणारं दृश्य बदलणं, आणि २००९ साली आलेल्या या लेन्समध्ये ते ठळकपणे दिसतं. लेन्सवर छापलेली फोकल लेन्थ (विषय किती मोठा येईल ते ठरवणारा मिमीतला आकडा) अनंतावर, म्हणजे खूप लांब, फोकस असतानाची असते. जुन्या साध्या लेन्समध्ये जवळ फोकस करताना सगळी भिंगं एकत्र पुढे सरकत, त्यामुळे फोकल लेन्थ तीच राही. या झूममध्ये फक्त आतला भिंगांचा एक गट सरकतो. लेन्स लांब होत नाही, तोल ढळत नाही, ऑटोफोकस झटपट होतो. पण गटांमधलं अंतर बदललं की फोकल लेन्थही बदलते, आणि इथे ती कमी होते.

किती कमी, ते माहितीपत्रकातल्या दोन आकड्यांवरून काढता येतं: सर्वात जवळचं फोकस अंतर आणि कमाल मॅग्निफिकेशन (सेन्सरवरची प्रतिमा खऱ्या आकाराच्या किती पट, ते). अंतराला (२ + मॅग्निफिकेशन + १ भागिले मॅग्निफिकेशन) या बेरजेनं भागायचं. व्हीआर २ साठी १.४ मीटर आणि ०.१२, म्हणजे १४०० भागिले १०.४५, सुमारे १३४ मिमी. कॅनन ईएफ एफ/२.८ आयएस २ साठी १.२ मीटर आणि ०.२१, उत्तर सुमारे १७२. निकॉननं २०१६ च्या एफएल आवृत्तीत १.१ मीटर आणि ०.२१ दिलं, म्हणजे साधारण १५८. हे सूत्र पातळ भिंगाचं आहे, त्यामुळे काही मिलिमीटर इकडेतिकडे धरा.

पण नुसत्या या फोकल लेन्थवरून लेन्स जोखू नका. कॅननची आरएफ ७०-२०० एफ/२.८ याच हिशेबानं जवळच्या टोकाला जेमतेम १०६ मिमी भरते, तरी ०.७ मीटरपर्यंत जाता येत असल्यानं मॅग्निफिकेशन ०.२३ मिळतं. जवळच्या कामासाठी मॅग्निफिकेशनच बघा. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरची रुंदी ३६ मिमी, ०.१२ ला चौकटीत ३० सेंटिमीटर मावतात, ०.२१ ला १७. आपल्या राज्य फुलपाखराचे, ब्लू मॉर्मनचे, पंख १२ ते १५ सेंटिमीटर. पहिल्या चौकटीत ते निम्म्यापर्यंतच जातं, दुसरीत जवळपास भरतं.

स्वतः तपासायचं असेल तर भिंतीवर मोजपट्टी आडवी चिकटवा, कॅमेरा ट्रायपॉडवर तिच्यासमोर सरळ लावा. वरच्या सूत्रात घालायचं अंतर लेन्सच्या टोकापासून नाही, कॅमेऱ्यावरच्या आडवी रेघ मारलेल्या गोलाच्या खुणेपासून मोजा. तिथे सेन्सर असतो. फोटोत मोजपट्टीचे किती मिलिमीटर आले ते वाचा आणि ३६ ला त्यानं भागा (निकॉनच्या क्रॉप सेन्सरला २३.५). हेच तुमचं मॅग्निफिकेशन.

आता उपाय. माझी पहिली पसंती ३६ मिमी एक्स्टेन्शन ट्यूबला, म्हणजे कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणाऱ्या, भिंग नसलेल्या पोकळ नळीला. ती लावून फोकस अनंतावर ठेवला की लेन्स पूर्ण २०० चीच राहते, ब्रीदिंगचा प्रश्नच उरत नाही. मॅग्निफिकेशन ३६ भागिले २००, म्हणजे ०.१८, आणि विषय साधारण दीड मीटरवर. तेवढ्याच अंतरावरून ३० ऐवजी २० सेंटिमीटरची चौकट! याहून जवळ जायला मग फोकस रिंग आहेच. उजेड अर्धा स्टॉप जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), आणि ट्यूब असेपर्यंत लांबचं काही फोकस होत नाही. कॅमेरा-लेन्स जोडणारे विजेचे संपर्क आणि अ‍ॅपर्चर (उजेड आत येण्याचं छिद्र) हलवणारी लिव्हर नसलेली स्वस्त ट्यूब घेऊ नका: या लेन्सला अ‍ॅपर्चर रिंग नाही, त्यामुळे अ‍ॅपर्चर सर्वात लहान छिद्रावर अडकून बसतं. एफएल आवृत्तीचं अ‍ॅपर्चर विजेवर चालतं, तिला चालेल अशी ट्यूब वेगळी विचारून घ्यावी लागते. ट्रायपॉडवर वजन लेन्सच्या कॉलरवर द्या, ट्यूबवर नको.

दुसरा उपाय लेन्सच्या तोंडाशी लावायचं ७७ मिमीचं, दोन डायऑप्टर ताकदीचं क्लोज-अप भिंग, उदाहरणार्थ कॅनन ५००डी. फोकस अनंतावर असताना २०० ला थेट ०.४ मिळतं, झूम १२० वर आणलं की ०.२४, आणि उजेड कमी होत नाही. पण विषय भिंगापासून अर्ध्या मीटरवर यावा लागतो. फुलांना हे उत्तम. उन्हात तापलेलं फुलपाखरू तेवढं जवळ येऊ देत नाही.

१.४ पट टेलिकन्व्हर्टरनं (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारं, प्रतिमा मोठी करणारं भिंगांचं जोडसाधन) ०.१२ चं ०.१७ होतं, जवळचं अंतर तेच राहतं, एक स्टॉप जातो. तो आधीच तुमच्याकडे असेल तर ट्यूबच्या आधी त्यावरच करून बघा.

दूरच्या पक्ष्यांसाठी यातलं काहीच लागत नाही. अंतर वाढेल तशी फोकल लेन्थ २०० कडे परत येते.