माझ्या हातचं खाऊन यांना कॅन्सर झाला का?

"इतकी वर्षं मीच करून वाढलं. आता डॉक्टर म्हणतात वजन फार आहे. म्हणजे माझ्यामुळेच झालं ना हे?"

प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखाली असणाऱ्या ग्रंथीच्या) कॅन्सरच्या रुग्णांच्या बायका हा प्रश्न हमखास विचारतात, आणि तोही नवरा खोलीबाहेर गेल्यावर. या काकूंनीही तसाच विचारला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) काका पासष्टी ओलांडलेले, अंगाने भरदार. आजार प्रोस्टेटच्या बाहेर पसरलेला होता आणि पुरुषी हार्मोन रोखणारी इंजेक्शनं सुरू झाली होती. मुलीने कुठेतरी वाचलं की आतड्यातले जिवाणू पुरुषी हार्मोन बनवतात आणि त्यावर कॅन्सर पोसतो. मग घरात प्रोबायोटिकच्या, म्हणजे उपयोगी मानल्या जाणाऱ्या जिवाणूंच्या कॅप्सूल आल्या, ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या आल्या, दूध आणि मांस बंद झालं, रात्रीचं जेवणही सुटलं. वजन भराभर उतरलं. काकूंना हायसं वाटत होतं. काकांचे मात्र जिना चढताना पाय लटपटायला लागले होते.

मी आधी काकूंचा प्रश्न हाती घेतला. अपराधाची बोच असेल तर माणूस पुढचं काही ऐकतच नाही, असा माझा अनुभव. एका माणसाला हा आजार नेमका कशामुळे झाला, हे कुणीच सांगू शकत नाही. वाढतं वय हे सगळ्यांत मोठं कारण. वडिलांना किंवा सख्ख्या भावाला हा कॅन्सर असेल तर धोका साधारण दुपटीने वाढतो. अमुक पदार्थ खाल्ला म्हणून झाला, असं बोट ठेवावं असा एकही पदार्थ नाही.

मग वजनाचं काय? ते मी झाकून ठेवलं नाही. लठ्ठ पुरुषांत आजार पुढच्या टप्प्याला गेलेला किंवा अधिक आक्रमक असण्याची शक्यता जास्त असते, याला चांगला पुरावा आहे. पोटावरची चरबी नुसती साठून राहत नाही. तिच्यामुळे रक्तातलं इन्सुलिन वाढतं, शरीरात बारीक दाह चालू राहतो, आणि हे वातावरण गाठीला मानवतं असं मानलं जातं. आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. मोठ्या शरीरात रक्तही जास्त असतं, त्यामुळे पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणारं आणि या कॅन्सरच्या तपासणीत मोजलं जाणारं प्रथिन, त्यात विरळ होतं. चमचाभर साखर पेल्याऐवजी घागरीत घालावी तसं. अहवालातला आकडा असायला हवा त्याहून कमी दिसतो, आणि संशय उशिरा येतो. हे ऐकून काका पहिल्यांदा बोलले. "माझा आकडा बरीच वर्षं बरा येत होता," म्हणाले. त्यांच्या बाबतीत हेच घडलं असं मी म्हटलं नाही. पण काकूंच्या स्वयंपाकघरावरचा खटला तिथे जरा सैल झाला.

जिवाणूंबद्दल मुलीने वाचलेलं खोटं नव्हतं. २०२१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात तसं संशोधन आलं होतं: हार्मोन रोखणारे उपचार चालू असताना आतड्यातले काही जिवाणू दुसऱ्या पदार्थांपासून पुरुषी हार्मोन तयार करू शकतात, आणि त्यामुळे उपचार निष्प्रभ व्हायला मदत होत असावी. त्यातले बरेचसे प्रयोग उंदरांवरचे. त्यावरून बाजारातली कॅप्सूल घ्यावी हा निष्कर्ष निघत नाही. त्या कॅप्सूलमधले जिवाणू हे काम थांबवतात असं कुणीही दाखवलेलं नाही.

ई जीवनसत्त्वाबाबत मात्र मी स्पष्ट बोलले. ते प्रोस्टेट कॅन्सर टाळतं का, हे पाहायला ३५ हजारांहून जास्त निरोगी पुरुषांवर मोठी चाचणी झाली. २००८ मध्ये गोळ्या थांबवाव्या लागल्या, आणि २०११ मध्ये कळलं की नुसतं ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत हा कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त आढळला. तो प्रयोग निरोगी माणसांवरचा होता, खरं. तरी "जीवनसत्त्वच आहे, काय बिघडणार" या वाक्याला तो पुरेसं उत्तर आहे. भाज्यांबद्दलही अवाजवी आशा नको. लवकरच्या टप्प्यातल्या ४७८ रुग्णांवरची एक चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. आहारात भाज्या वाढवूनही दोन वर्षांत आजाराच्या वाटचालीत फरक पडला नाही. भाज्या खाव्यात त्या हृदयासाठी आणि वजनासाठी. हार्मोनच्या उपचारात हृदयाकडेही लक्ष द्यावंच लागतं.

मला खरी काळजी काकांच्या पायांची होती. ही इंजेक्शनं चरबी वाढवतात, स्नायू झिजवतात, हाडं ठिसूळ करतात. त्यात उपास केला तर वजनकाट्यावर जे उतरतं त्यात स्नायूही असतात. या रुग्णांना प्रथिनं हवीत आणि चालण्याच्या जोडीला ताकदीचा व्यायामही हवा. किती आणि कसा, हे माझ्या अधिकारातलं नाही. म्हणून त्यांना आहारतज्ज्ञाकडे आणि फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं, सगळ्या बाटल्या पिशवीत घालून आधी डॉक्टरांना दाखवायला सांगितल्या. डॉक्टरांनी कॅप्सूल आणि गोळ्या दोन्ही बंद केल्या. रात्रीचं जेवण परत सुरू झालं आणि ताटावरचा पहाराही उठला. पहाऱ्याचं काकांना सगळ्यांत जास्त वाईट वाटत होतं. "आजार माझा, पण तोंडात काय घालायचं ते सगळे मिळून ठरवतात," असं ते म्हणाले होते.

जाताना काकूंनी मुलाचं विचारलं. तो चाळिशीत, वडिलांसारखाच अंगाने. वजन आटोक्यात आणणं त्याच्या फायद्याचंच, पण मी आधी दुसरं सांगितलं: पीएसए तपासणी कधीपासून करायची हे त्याने डॉक्टरांशी आत्ताच बोलून घ्यावं, आणि वडिलांना हा आजार आहे हे त्यांना न विसरता सांगावं.