पत्र्याला हात लावायच्या आधी : हाताने घडवलेल्या रेसकार बॉडीबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात जुन्या धाटणीच्या रेसकारची अ‍ॅल्युमिनियम बॉडी हाताने कशी घडवतात यावर लिहिलं होतं, त्यावर भरपूर प्रश्न आलेत. सगळे घेता येणार नाहीत, पण जे बऱ्याच जणांनी थोड्याफार फरकाने विचारलेत ते इथे घेतोय.

प्रश्न : दादा नमस्कार. माझी ट्यूबची चासी तयार आहे, इंजिन बसलंय, चाकंही लागलीत. मला १९५० च्या दशकातल्या एकसीटी ग्रांप्री गाड्यांसारखी लांबट सिगारच्या आकाराची बॉडी करायची आहे. पत्रे आणून ठेवलेत आणि हात नुसते शिवशिवतायत. सुरुवात नाकापासून करू की शेपटीपासून?

उत्तर : कुठूनच नको. पत्रे आडवे ठेवा, मध्ये कागद घाला म्हणजे ओरखडे पडणार नाहीत, आणि पुढचे काही आठवडे त्यांच्याकडे वळूनही बघू नका, मी अगदी मनापासून सांगतोय. बॉडी बिघडते ती पत्र्यात नाही, त्याच्या खूप आधी बिघडते आणि पत्र्यात फक्त दिसते.

आधी भिंतीवर मोठा कागद लावा आणि गाडी बाजूने पूर्ण मापात काढा, पण पेन्सिलने नाही, बारीक काळ्या टेपने. टेप ओढून धरली की ती आपोआप सलग वळण घेते, नाही आवडली तर उचलायची आणि परत लावायची, दहा पावलं मागे जाऊन बघायची, दुसऱ्या दिवशी सकाळी परत बघायची. नाकापासून शेपटीपर्यंत जाणारी वरची रेषा, कॉकपिटची कड आणि खालची रेषा, या तीन जमल्या तर गाडी जमली. फोटोवरून काढत असाल तर जपून, कारण जवळून काढलेल्या फोटोत पुढचं चाक आणि नाक मोठं दिसतं, तेच माप धरलंत तर गाडी नाकाडी होते.

मग चासीवर ड्रायव्हर बसवा, खराखुरा माणूस, हेल्मेट घालून, आणि त्याला स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवायला लावा म्हणजे कोपर कुठे येतं ते कळेल. सस्पेन्शन पूर्ण दाबलेल्या अवस्थेत आणि चाकं पूर्ण वळवून मापं घ्या. इंजिन रबर माउंटिंगवर असेल तर ते हलतं, तेवढी जागा सोडा, एक्झॉस्टपाशी तर त्याहून जास्त. माझ्या पहिल्या गाडीत मी हे सगळं केलं, पण रेडिएटरचं झाकण उघडायला हात जातो का हे बघायचं राहिलं, आणि तयार झालेलं नाक मला वरून कापावं लागलं. तो काप पुढे व्यवस्थित बुजवला, पण कुठे आहे ते मला अजून दिसतं.

एवढं झालं की बक बनवायचा, म्हणजे बॉडीचा लाकडी सांगाडा. १२ ते १८ मिमीच्या प्लायवूडचे आडवे छेद साधारण १५० मिमीवर, आणि नाकाजवळ जिथे गोलाई पटापट बदलते तिथे त्याच्या निम्म्या अंतरावर. प्रत्येक छेदातून पत्र्याची जाडी वजा करायला विसरू नका. छेद उभे राहिले की एक लवचिक लाकडी पट्टी लांबीच्या दिशेने सगळ्यांवरून टेकवत न्यायची, जिथे ती एखाद्या छेदावरून उचलली जाते किंवा खाली पोकळ राहते तिथे तो छेद चुकलाय, घासा नाहीतर भर घाला. या कामाला कंटाळू नका. आणि बक मधून मोकळा ठेवा, म्हणजे आतून हात घालून पत्रा कुठे टेकतोय कुठे नाही ते बघता येतं. बकवर ठेवून हातोडी मारायची नसते बरं का, तो मोजायला असतो, ठोकायला वाळूची पिशवी आणि लाकडी ओंडका आहे.

लाकूडकाम जमत नसेल तर ६ मिमीच्या सळीचा पिंजराही चालतो, इटलीतल्या जुन्या कारखान्यांत तारेच्या सांगाड्यावर कितीतरी बॉड्या झाल्यात. पण त्यांची नजर वर्षानुवर्षं तयार झालेली होती, पहिल्या गाडीला मी लाकडीच सुचवेन.

प्रश्न : बक तयार आहे. मागच्या फेंडरचा पत्रा इंग्लिश व्हीलवर (दोन चाकांमध्ये पत्रा दाबून फिरवायचं यंत्र) फिरवतोय, मधे छान फुगवटा येतो पण कडा काही केल्या बकवर बसत नाहीत, उचलून राहतात. अजून फिरवला की उलट लाटा येतात. तीन तुकडे वाया गेले. व्हील चुकीचं आहे की हात?

उत्तर : दोन्ही ठीक आहेत, क्रम चुकतोय. पत्र्याशी आपल्याला तीनच गोष्टी करता येतात, वाकवणं, ताणणं आणि आकसवणं. व्हील फक्त ताणतं. तुमच्या फेंडरला कडेला पत्रा जास्त होतोय, तो कमी करायला पाहिजे, आणि तुम्ही मध्ये ताणत ताणत त्या कडेला गाठायला बघताय. थोड्या गोलाईला ते चालतं, पण फेंडरसारख्या खोल आकाराला मधला पत्रा पातळ होत जातो आणि कडा तशाच राहतात.

यावर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे कागद. जाडसर कागद बकवर ठेवा, मधून बाहेर हाताने दाबत जा आणि चुंबकांनी किंवा टाचण्यांनी धरून ठेवा. जिथे कागदाला चुण्या पडतात तिथे पत्रा आकसवायचाय, जिथे कागद फाटतो किंवा टेकावा म्हणून कापावा लागतो तिथे ताणायचाय. चुणी किती मोठी, चीर किती रुंद, ते तिथल्या तिथे कागदावर लिहा. हा कागद उलगडून पत्र्यावर ठेवला की तुमच्यापुढे कामाचा नकाशाच आला, कुठे काय आणि किती. पत्रा कापताना चुण्यांच्या भागात कड थोडी जास्त ठेवा. चुण्या फार मोठ्या आल्या तर समजायचं की हा एक तुकडा नाही, दोन आहेत.

आकसवायची जुनी पद्धत अशी की कडेला चिमट्यासारख्या फोर्कने चुणी मुद्दाम पाडायची, तिचं टोक बंद करून तिला अडकवायचं आणि मग लाकडी हातोड्याने आतल्या टोकाकडून कडेकडे न येता कडेकडून आत अशी ठोकत बसवायची, म्हणजे ती उलगडत नाही, स्वतःतच दाबली जाते. पत्रा तिथे जाड होतो, हाताला जाणवतं. चुणी एकावर एक दुमडू देऊ नका, घडी पडली की तिथे चीर ठरलेली. कडा आधी आकसवा, बकवर ठेवून बघा, मग व्हीलवर जा आणि व्हीलचं काम फक्त गुळगुळीत करणं एवढंच राहील. दाब कमी ठेवा, फेऱ्या एकमेकींना चिकटून घ्या, आणि खालचा रोलर पत्र्याच्या गोलाईपेक्षा किंचित जास्त गोल निवडा.

लाटा आल्या त्या कडेला जास्त ताण बसल्यामुळे, व्हील दरवेळी अगदी कडेपर्यंत नेऊन परत आणत असाल. दर फेरीला थोडं अलीकडे थांबा, एकाच ठिकाणी थांबू नका.

प्लॅनिशिंगला, म्हणजे ठोकून पत्रा गुळगुळीत करण्याला, आपल्याकडे तांबटांचा शब्द आहे, मठारणे. मला तो फार आवडतो कारण त्यात जोर नाही, हलक्या हातोडीचे हजारो सारखे ठोके आहेत, खाली डॉली, म्हणजे हातात धरायचा लोखंडी ठोकळा, आणि वर हातोडी, आणि आवाजावरून कळतं की दोन्ही समोरासमोर आहेत की नाही. बरोबर बसला की टणक खणखणीत आवाज येतो, चुकला की बोदा येतो. डोळ्यांपेक्षा तळहातावर विश्वास ठेवा, पातळ सुती हातमोजा घालून लांब हात फिरवला की अर्ध्या मिलिमीटरचा खळगासुद्धा सापडतो.

प्रश्न : सर मी डिप्लोमाला आहे. मजबूत असतं म्हणून ६०६१ टी६ अ‍ॅल्युमिनियम घेऊ का?

उत्तर : बॉडीला नको रे. टी६ कडक असतं, वाळूच्या पिशवीवर ठोकलंस की तडा जाईल. ३००३ एच१४ या जातीचा पत्रा घे, नाहीतर त्याहून मऊ ११०० किंवा १०५०, जाडी १.२ मिमी, फेंडरसारख्या खोल भागाला १.६ पर्यंत. १.२ मिमीचा एक चौरस मीटर पत्रा सव्वातीन किलोच्या आसपास भरतो, ०.९ मिमी स्टीलचा सात किलोच्या वर, म्हणजे वजनाचा प्रश्न तसाही सुटतो. ठोकून ठोकून कडक झाला की भाजून मऊ करायचा, पण अ‍ॅल्युमिनियम लाल होत नाही, तसाच दिसत राहतो आणि ६५० अंशांच्या जवळपास एकदम ढासळतो. म्हणून त्यावर साध्या साबणाची रेघ ओढ, ज्वाला फिरवत राहा, रेघ गडद तपकिरी झाली की थांब. पहिल्यांदा भंगार तुकड्यावर करून बघ.

प्रश्न : नाक चार तुकड्यांत केलं आणि टिगने (विजेच्या वेल्डिंगने) जोडलं. जोड ठोकून सपाट करायला गेलो तर वेल्डच्या बाजूने चिरा पडतायत. वेल्डर म्हणतो वेल्ड उत्तम आहे.

उत्तर : वेल्ड दिसायला उत्तम असेलही, पण बहुतेक ४०४३ ची तार वापरली असेल. त्यात सिलिकॉन असतं, वाहते छान पण ठोकायला कडक. ३००३ किंवा ११०० पत्र्याला ११०० ची तार वापरा, नाहीतर त्याच पत्र्याच्या पातळ पट्ट्या कापून त्याच तार म्हणून. पहिल्या टाक्यांपासून तुकडे कडेला कड असे घट्ट बसवा, फट असेल तर वेल्ड ती भरून काढतं आणि थंड होताना सगळंच ओढून घेतं.

जुने कारागीर गॅसने जोडायचे, तो जोड मऊ राहतो आणि मठारायला सोपा जातो. पण त्याला फ्लक्स, म्हणजे जोडाची जागा स्वच्छ करणारं रसायन, लागतो, त्याच्या वाफा छातीला वाईट, हवा खेळती पाहिजे, आणि जोड झाल्यावर गरम पाण्याने ब्रश मारून मारून धुवा, आतून बाहेरून. राहिलेला फ्लक्स पत्रा खातो, रंगाखाली फोड येतात ते असेच.

आणि एक विचारतो, जोड कुठे घेतलाय? नाकाच्या सगळ्यात गोल ठिकाणी असेल तर तिथे ठोकायला डॉली नीट बसतच नाही. जोड नेहमी जरा सपाट भागात घ्यायचा, आणि हे बकवर खडूने रेघा ओढून आधीच ठरवायचं असतं.

वेल्ड नकोच असेल तर रिव्हेट आहेत. बुगाटीच्या १९३५ च्या एरोलिथ या गाडीची बॉडी इलेक्ट्रॉन नावाच्या मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची होती, ती वेल्ड करणं धोक्याचं, म्हणून तुकड्यांच्या कडा बाहेर उभ्या काढून रिव्हेटने जोडल्या. पुढे त्यावरून आलेली अ‍ॅटलांटिक अ‍ॅल्युमिनियमची झाली तरी ती पाठीवरची शिवण तशीच राहिली, इतकी ती सुंदर दिसत होती.

प्रश्न : मी प्रॉडक्ट डिझायनर आहे. आमच्या ग्रुपमध्ये वाद आहे, चाकं उघडी ठेवायची की झाकायची. झाकली तर हवेला अडथळा कमी होईल ना?

उत्तर : होईल ताई, उघडी चाकं हवेला फार अडवतात. पण १९५४ ची मर्सिडीज डब्ल्यू१९६ बघा. झाकलेल्या चाकांची ती गाडी फ्रान्समधल्या रँसच्या लांब सरळ रस्त्यांवर पहिली आणि दुसरी आली, आणि दोनच आठवड्यांनी इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनला वळणांवर मांडलेल्या तेलाच्या पिंपांना आपटत राहिली, कारण तिचा ड्रायव्हर फान्जिओ याला आपली पुढची चाकं नेमकी कुठे आहेत ते दिसत नव्हतं. त्याच्या पुढच्याच शर्यतीला उघड्या चाकांची बॉडी आली. म्हणजे गाडी कुठल्या ट्रॅकवर जास्त धावणार हे आधी ठरवा. झाकायचीच असतील तर फेंडरचा माथा ड्रायव्हरच्या डोळ्यांच्या उंचीवरून बघून काढा, म्हणजे त्याला चाकाचा अंदाज येईल.

तुम्ही जग्वार डी टाइपसारख्या पंखाबद्दलही विचारलंय. त्या गाडीची बॉडी आखणारा माल्कम सेयर विमानांच्या कामातून आलेला होता, ड्रायव्हरच्या मागचा तो उभा पंख फ्रान्समधल्या ल मां शर्यतीच्या लांब सरळ रस्त्यावर गाडी सरळ राहावी म्हणून आहे, आणि १९५५, १९५६, १९५७ अशी सलग तीन वर्षं ती तिथे जिंकली. तुमची गाडी तेवढ्या वेगाला जाणार नसेल तरी पंख दिसायला आवडत असेल तर जरूर करा, मात्र तो बॉडीतूनच वाढल्यासारखा हवा, वरून चिकटवल्यासारखा नको.

नाकाचं तोंड मात्र सुंदर दिसावं म्हणून लहान केलं असेल तर आतून रेडिएटरपर्यंत पत्र्याचा बंद बोगदा करा, नाहीतर हवा रेडिएटरला वळसा घालून निघून जाते. आणि आत आलेल्या हवेला बाहेर पडायला मोठी वाट ठेवा. बॉनेटवरचे लूव्हर्स, म्हणजे पत्र्यातल्या उचललेल्या फटी, त्याचसाठी असतात, तोंडं मागच्या बाजूला.

प्रश्न : फायबरग्लासची केली तर?

उत्तर : एकापेक्षा जास्त गाड्या करणार असाल तर जरूर. एकच करायची असेल तर आधी पूर्ण घासलेला नमुना, मग साचा, मग बॉडी, म्हणजे तीनदा काम.

प्रश्न : बॉडी झाली, आता चासीवर बसवतोय. पत्रा सरळ ट्यूबवर रिव्हेट करून टाकू का?

उत्तर : सरळ नको. स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना टेकून राहिले आणि मध्ये ओल आली की अ‍ॅल्युमिनियम पांढरी पावडर होऊन झडायला लागतं. मिलानच्या तूरिंगची सुपरलेजेरा पद्धत अशीच, बारीक स्टीलच्या नळ्यांवर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, गाड्या अप्रतिम, पण आज त्या दुरुस्तीला उघडल्या की नेमकी हीच जागा गेलेली असते. ट्यूबला प्रायमर मारा, वर रबर किंवा चांगली टेप लावा, आणि स्टेनलेस स्क्रूखालीसुद्धा नायलॉनचा वॉशर टाका.

मोकळ्या कडांमध्ये तार भरा, कॉकपिटला आणि चाकांच्या कमानींना तर नक्कीच, नाहीतर चार फेऱ्यांत कड फडफडून चिरते. तारेच्या जाडीच्या साधारण अडीच पट पत्रा कडेला जादा सोडायचा आणि तारेभोवती वळवून घ्यायचा. तार अ‍ॅल्युमिनियमची घ्या. नाक आणि शेपटी पाव वळण दिलं की सुटणाऱ्या डझूस फास्टनरनी बसवा, म्हणजे पिटमध्ये काही सेकंदांत निघतात, बॉनेटला हवा तर चामड्याचा पट्टा, आणि डझूसची भोकं बॉडी शेवटची बसवून, गाडी आपल्या चाकांवर उभी असताना पाडा, जॅकवर असताना नको.